होम इन्स्पेक्शनची फ्रँचायझी: आधी कोणता विमा घ्यावा?

सिडको_एन७: संभाजीनगर-जालना भागासाठी घरं तपासून रिपोर्ट देण्याची फ्रँचायझी घेतोय. हाताखाली दोन मुलं, थर्मल कॅमेरा, मॉइश्चर मीटर, शिडी, एक कार. करारात ५० लाखांची प्रोफेशनल इन्डेम्निटी (कामातल्या चुकीमुळे ग्राहकाने केलेल्या दाव्याचा विमा) आणि पॉलिसीवर मूळ कंपनीचं नाव मागितलंय. एजंट म्हणतो, शॉप पॅकेज घ्या, त्यात सगळं येतं. खरंच येतं का?

औसा_रोड: नाही भाऊ. शॉप पॅकेज म्हणजे मुख्यतः ऑफिसची आग, चोरी, सामान. तुमची जोखीम रिपोर्टात आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सप्टेंबरच्या पाहणीत केसाएवढी दिसलेली तिरपी भेग मे महिन्यात नाणं जाईल इतकी उघडते, आणि रिपोर्टात 'किरकोळ' लिहिलेलं असतं. हा दावा इन्डेम्निटीतच बसतो, म्हणून ती आधी.

ही पॉलिसी बहुतेक वेळा 'क्लेम्स मेड' असते: पाहणी केली त्या वर्षीची नव्हे, दावा आला त्या वर्षीची पॉलिसी लागते. ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे, म्हणून मधे खंड पडू देऊ नका. विमा कंपनी बदलली तरी 'रेट्रोअॅक्टिव्ह डेट' (ज्या तारखेपासूनचं काम पॉलिसीत धरतात ती) जुनीच ठेवून घ्या. नवीन तारीख पडली की आधीचे सगळे रिपोर्ट उघडे पडले.

प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) नुसतं 'कन्सल्टन्सी' लिहू नका. ओल तपासणी, थर्मल, वायरिंग, जे करता ते सगळं लिहा.

गारखेडा_सर्व्हे: वरचं बरोबर, पण बाथरूमची पाणी-चाचणी करताना खालच्या फ्लॅटचं पीओपी भिजलं तर तो रिपोर्टचा दोष नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी (तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा) लागते, आणि ती तुमच्या ऑफिसच्या पत्त्यापुरती न राहता साइटवरच्या कामालाही लागू हवी.

मुलं गच्चीवर, शिडीवर चढणार. दोघांवर ईएसआय (सरकारी कामगार विमा) सहसा लागत नाही, म्हणून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन (कामावर इजा झाल्यास भरपाईचा विमा) घ्याच. पगार कमी दाखवू नका.

कॅमेऱ्यावर 'पोर्टेबल' कव्हर बघा, नाहीतर ऑफिसबाहेर तो विम्याबाहेर. रक्कम आजच्या नव्या किमतीची धरा. १,२०,००० चा कॅमेरा ६०,००० ला उतरवला आणि ३०,००० चं नुकसान झालं, तर १५,००० च धरतात, त्यातूनही एक्सेस (तुम्ही स्वतः सोसायचा हिस्सा) वजा. कारमधून चोरीची अट वेगळी वाचा.

सिडको_एन७: कंपनीचं नाव टाकलं की त्यांच्या चुकाही माझ्या पॉलिसीवर येतील का?

औसा_रोड: शब्द कसे लिहिलेत त्यावर आहे. 'तुमच्या कामामुळे त्यांच्यावर आलेल्या दाव्यापुरतं' असं एन्डॉर्समेंटवर (पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीवर) लिहून घ्या. करारात त्याहून मोठी हमी दिली असेल, तर ती विमा सहसा उचलत नाही, त्यामुळे सही करण्याआधी ते कलम विमा कंपनीकडून तपासून घ्या. ५० लाखही नीट बघा: एका दाव्याला २५ आणि वर्षाला ५० असं असेल, तर कराराची अट पुरी होईलच असं नाही. वकिलाचा खर्चही बहुधा त्याच रकमेतून जातो.

गारखेडा_सर्व्हे: अजून एक. ग्राहकाची नोटीस किंवा रागाचा मेसेज आला की त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. तोवर व्हॉट्सअॅपवर 'चूक झाली, फी परत करतो' असं लिहू नका. परवानगीशिवाय चूक कबूल केली, तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं.