आण्णांना तपासणीला कसं न्यायचं? आणि ही ७२ टेस्टची पॅकेजेस खरंच लागतात का?

द्राक्षवेडा_तासगाव
नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची दोन एकर बाग आहे, मी नोकरीला सांगलीत. आण्णांचं वय ५८, आजवर बीपी न्हाई की शुगर न्हाई, काहीच तपासलेलं नाही. विषय काढला की "मला काय धाड भरलीय?" आणि मग छाटणी होऊ दे, बेदाणा निघू दे, सौदे होऊ देत, असं करत दोन वर्षं गेली. बागेचं पान-देठ परीक्षण मात्र दरवर्षी न चुकता, देठं पाकिटात भरून स्वतः लॅबला नेऊन देतात, पोटॅश कमी आलं की यांची रात्रीची झोप उडते. आजोबा ६१ व्या वर्षी अर्धांगवायूने गेले, त्यांचं पण बीपी कुणी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मला जरा धाकधूक.
परवा स्टँडजवळ एका लॅबचं पाम्प्लेट हातात पडलं, ७२ टेस्ट फक्त १४९९ मध्ये, व्हिटॅमिन डी, बी१२, थायरॉइड, कॅन्सर मार्कर का काय ते सगळं त्यात. करून टाकू का? माझं पण वय ३६, बसून काम, पोट सुटलंय, दोघांचं एकदमच उरकावं म्हणतोय.

मिरज_ट्यूबवाला
मी लॅबमध्येच कामाला आहे, ११ वर्षं झाली. ७२ आकड्याला भुलू नका. सीबीसी म्हणजे रक्ताची एकच ट्यूब, पण त्यात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट धरून वीसेक आकडे येतात, ते सगळे वेगवेगळ्या टेस्ट म्हणून मोजायचे, लघवीचे दहा-बारा, लिव्हरचे दहाएक, बाकीचे पण असेच, झाले की ७२. खोटं नाही म्हणत पण मोजायची पद्धत तशी आहे. आणि गंमत म्हणजे आण्णांना जे सगळ्यात आधी लागतंय ते बीपीच त्यात नसतं, कारण ते ट्यूबमध्ये येत नाही ना.
आण्णांना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एवढ्यापासून सुरुवात करा, बाकी डॉक्टर बघून सांगतील. शुगरसाठी एचबीए१सी करा, साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, उपाशी राहायला लागत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि वर गेलं की डायबेटिस, मधलं म्हणजे काठावर. लोक दोन दिवस आधी गोड बंद करून येतात हो, उपाशीपोटीची शुगर झकास, आणि एचबीए१सी सगळं सांगून मोकळं होतं. फक्त अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, ते डॉक्टरांना सांगायचं.

कृष्णाकाठची_सून
दादा पैसे घालायच्या आधी गावातलं उपकेंद्र बघा की. ३० च्या पुढच्या सगळ्यांचं बीपी, शुगर आणि तोंड बघतात, बायकांचं स्तन आणि गर्भाशयाचं तोंड पण, सगळं फुकट. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात, आपणच "नंतर या" म्हणून परत पाठवतो.
आमच्या सासूबाई वयाच्या पंधराव्या वर्षापासून मिश्री लावायच्या. उपकेंद्रातल्या मॅडमनी बॅटरी लावून तोंड बघितलं तर डाव्या गालाच्या आतनं पांढरा डाग, दोन बोटांएवढा. दुखत नव्हता म्हणून कुणाला बोलल्याच नव्हत्या. मिरजेला जाऊन तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, पण तसाच सोडला तर पुढं होऊ शकतो म्हणाले. मिश्री बंद झाली, दर तीन महिन्यांनी दाखवायला नेतो. मिश्रीच्या डबीत आता सुया-दोरा असतो. आण्णा तंबाखू खात असतील तर पहिल्यांदा तोंड दाखवा, बाकीचं मागनं.

भडंग_पार्सल
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी असल्याच एका पॅकेजमध्ये बायकोचं सीए-१२५ म्हणजे रक्तातला एक कॅन्सर मार्कर केला, ३५ च्या आत पाहिजे तर ४८ आलं, रिपोर्टवर लाल अक्षरात. घरात चूल पेटली नाही दोन दिवस. सोनोग्राफी, परत रक्त, मग स्पेशालिस्ट, आठ-नऊ हजार गेले आणि निघाली गर्भाशयाची साधी गाठ. डॉक्टरांनी आम्हालाच झापलं, म्हणाले काही त्रास नसताना हे मार्कर करायचे नसतात, पाळीत सुद्धा वाढतंय ते. तपासणीच्या विरोधात नाही हो मी, बीपी-शुगर बघाच. पण कॅन्सर मार्कर लिहिलेलं पॅकेज दिसलं की मी लांबनंच नमस्कार करतो.

मिरज_ट्यूबवाला
पार्सलभाऊ १०० टक्के खरं. आम्ही मागितलं की करून देतो, पण घरच्यांचं करत नाही यातच समजा.

हिशोबनीस
जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीत (आधीचं ८०डी कलम) तपासणीचे ५००० पर्यंत उत्पन्नातून वजा करता येतात, स्वतःचे आणि आईवडलांचे धरून, विम्याच्या लिमिटच्या आतच. रोख दिले तरी चालतं, पावती जपून ठेवा.

कृष्णाकाठची_सून
आण्णांना "तुमची तपासणी" म्हणूच नका. आईंची आहे, सोबत चला म्हणा.

द्राक्षवेडा_तासगाव
ताई तुमची युक्ती लागू पडली! पॅकेज रद्द केलं आणि बीपीचं मशीन घेऊन रविवारी गावी गेलो. सोप्यात आईचं लावलं, १२६/८०. आण्णा शेजारी बसून बघत होते, मग आपणहून बाही वर केली, "बघू माझं किती येतंय." १७२/१०४. लगेच "मशीन बाद हाय तुझं." मग पाच मिनिटं गप बसवलं, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर ठेवून, बोलायचं नाही म्हटलं, तरी १६४/१००. तेव्हा कुठं गडी नरमला. सोमवारी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पण दोनदा बघून गोळी चालू केली, किडनी ठीक आहे, एचबीए१सी ६.१. माझं पण केलं, ५.९, म्हणजे मी पण काठावरच, आता जेवताना आण्णाच मला भात वाढू देत न्हाईत.
डॉक्टरांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून आणायला सांगितलंय. आण्णांनी फवारणीचीच वही काढली, वर द्राक्षावरच्या डावणी रोगाचं औषध, तारीख, किती लिटर पाणी, आणि खाली १५२/९४.

भडंग_पार्सल
भारी काम केलंस. आणि बेदाण्याला काय भाव लागला यंदा?

द्राक्षवेडा_तासगाव
आण्णांना विचारून सांगतो. आत्ता पट्टा बांधून बसलेत, बोलू नको म्हणून हातानं खुणावलंय.