पिकअप घेतलेल्यांनो, खरं खरं सांगा: हौदा, पाटे आणि कंबर

धागाकर्ता

मंडळी, वेल्ह्याच्या पुढे आमची दीड एकर जमीन आहे (आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडात वेल्हंच बसलंय), तिथे 40 आंब्याची कलमं लावलीयेत. सध्या हॅचबॅकने जातो. पावसाळ्यात शेवटचे 3 किलोमीटर नुसता चिखल, मग गाडी वर सोडायची आणि खताची गोणी डोक्यावर घेऊन उतरायचं. त्यामुळे गेले सहा महिने डोक्यात 4 बाय 4 (चारही चाकांना ताकद देणारी) पिकअप शिरलीये. घरचे म्हणतात, "टेम्पो घेतोयस होय?"

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून झाले. सगळे रिकामी गाडी घेऊन टेकडीवर चढतात आणि ड्रोन उडवतात. मला वापरलेल्या माणसांचं ऐकायचंय. किती वर्षं झाली, काय बिघडलं, मागच्या सीटवर बसणारे अजून तुमच्याशी बोलतात का, वगैरे. एकच विनंती, तक्रार लिहिताना कंपनीचं किंवा सर्व्हिस सेंटरचं नाव नको, मागच्या वेळी त्यावरून भांडणं झाली आणि मूळ विषय राहिला बाजूला.

हिंजवडीचा हौशी

माझी इसुझूची व्ही-क्रॉस, 2018 ची. ही गाडी आपल्याकडे 2016 ला आली, मी दोन वर्षं नुसती बघत होतो मग घेतली. आजचं रीडिंग 1 लाख 12 हजार. इंजिनाला अजून हात लावलेला नाही, ऑइल आणि फिल्टर वेळेवर, बस. क्लच प्लेट बदलली 90 हजाराला, पण तो माझाच गाढवपणा, ताम्हिणीत चढावर ट्रॅफिक तुंबला होता आणि मी हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरत बसलो पाऊण तास, वास यायला लागला तरी कळेना, मला वाटलं पुढच्या ट्रकचा येतोय.

कम्फर्टचं म्हणशील तर पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आलो होतो. सेडानमधून थेट यात. वाकड ते हिंजवडी रिकामी गाडी, स्पीडब्रेकरवर मागची बाजू करडासारखी टुणकन उडायची. मग एकदा गावाहून तांदळाचे सहा कट्टे आणले, 30-30 किलोचे, आणि खेड शिवापूरपर्यंत लक्षातच आलं नाही की आपण त्याच गाडीत बसलोय. तेव्हापासून पावसाळ्यात हौद्यात दोन वाळूची पोती बांधलेली असतात, ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरत पण नाहीत मग. ॲव्हरेज शहरात 10, हायवेला 13 च्या आसपास. जे लोक 16 सांगतात त्यांना मला भेटायचंय.

टेल्कोतून रिटायर

वरच्या गृहस्थांनी तांदळाचं लिहिलंय त्यातच सगळं उत्तर आहे. मी पिंपरीत 34 वर्षं काढली, टाटा मोबाइल 1988 साली आली तेव्हा शॉप फ्लोअरवर होतो. पिकअपला मागे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) असतात ते काही स्वस्तात पडतात म्हणून नुसते नाही (तेही एक कारण आहे, नाकारत नाही). एक गाडी रिकामी पण चालायला पाहिजे आणि अर्धा टन भरून पण, आणि दोन्ही वेळेला मागून बसता कामा नये. म्हणजे पाटे भरलेल्या गाडीच्या हिशोबाने घालावे लागतात. बऱ्याच गाड्यांना खालचा जाड पाटा वजन आल्याशिवाय कामालाच लागत नाही. रिकाम्या गाडीत तुम्ही दोघं पुढे बसता, मागच्या एक्सलवर वजन किती, काहीच नाही, मग खड्डा आला की पाटा दबत नाही, अख्खा हौदा वर उचलला जातो आणि तो धक्का तुमच्या मणक्यात येतो.

त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका असं माझं मत. शोरूमवाला तोंड वाकडं करेल, करू दे. आणि टायरची हवा बघा, लोक डोळे मिटून फुल लोडचा आकडा भरतात आणि मग म्हणतात गाडी दणके देते. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे छापलेले असतात, ते वाचायला चष्मा लागत असेल तर लावा.

कोथरूडची सौ.

मी मागच्या सीटच्या बाजूने लिहिते, कारण गाडी नवऱ्याने घेतलीये आणि तो कधीच मागे बसलेला नाही.

डबल कॅबची मागची सीट म्हणजे केबिन संपते तिथे पाठ, त्यामुळे पाठ एकदम सरळ, देवळातल्या खांबाला टेकून बसल्यासारखी. अर्धा तास ठीक. सासूबाईंना घेऊन सातारला लग्नाला गेलो, नऊवारी नेसून त्यांना चढताच येईना, पायरी आहे पण पहिलं पाऊलच गुडघ्याच्या वर. शेवटी शेजाऱ्यांकडून प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते स्टूल आता कायमचं हौद्यात असतं, शेजाऱ्यांना नवीन घेऊन दिलं. पाठीमागे दोन उश्या घातल्या तरी खंबाटकी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मी येताना एसटीने येईन गं." आणि खरंच आल्या एसटीने. नवऱ्याला वाईट वाटलं, मला नाही.

पण एक कबूल करते. पाळीव माणसांची (म्हणजे आमची झाडं) वाहतूक या गाडीने जशी केली तशी कशानेच होत नाही. हडपसरच्या नर्सरीतून 22 कुंड्या एका खेपेत आणल्या, नंतर फाळका पाडून हौदा पाइपने धुतला की झालं. आधीच्या गाडीच्या डिकीतली माती अजून निघालेली नाही.

गाडीचं नाव नाही लिहित

डीपीएफ. यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये ही डीपीएफची जाळी (काजळीचा फिल्टर) असते, धुरातली काजळी त्यात अडकते आणि गाडी हायवेला तापली की ती काजळी आपोआप जळते. माझी गाडी कुठे तापणार? घर नळस्टॉप, दुकान टिंबर मार्केट, दिवसाला जेमतेम 9 किलोमीटर, त्यातले निम्मे सिग्नलला उभं राहून. चौथ्या महिन्यात दिवा लागला. मी दुर्लक्ष केलं. मग दुसरा दिवा लागला आणि गाडीने जोर सोडला, चांदणी चौकाचा चढ सेकंडमध्ये. सर्व्हिस सेंटरवाल्याने लॅपटॉप लावून गाडी उभ्या उभ्या तापवली, तासभर नुसती घरघर आणि खालून इस्त्रीसारखी धग, आणि हातात बिल देताना म्हणाला, "साहेब, ही गाडी शहरात नाही चालवायची." अरे मग घेताना का नाही सांगितलंस!

आता दर रविवारी सकाळी 6 ला एकटा निघतो, खेड शिवापूरच्या पुढे जाऊन चहा पिऊन परत. गाडी चौथ्यात एका लयीत पळवायची, 25-30 मिनिटं न थांबता. लोक कुत्रा फिरवतात, मी गाडी फिरवतो. दोन वर्षं झाली, दिवा परत लागला नाही.

धागाकर्ता

नळस्टॉपवाले दादा, हे फार उपयोगी. माझं पण ऑफिस बाणेर, घर सिंहगड रोड, म्हणजे तीच गत होणार. अजून लिहा लोकहो.

सासवडकर

आमची महिंद्राची बोलेरो कॅम्पर, पिवळी पाटी, 4 बाय 4 नाही, साधी. तुमच्या हौशी गाड्यांत आमची कुठे बसणार पण विचारलंय म्हणून लिहितो. 9 वर्षं झाली. सीझनला अंजीर आणि सीताफळ घेऊन पहाटे 3 ला मार्केट यार्ड, दिवे घाट उतरून. अंजीर हे असलं फळ आहे की बोट लागलं तरी डाग पडतो, तर आमच्या भरलेल्या गाडीत ते साबूत पोचतं आणि रिकामी येताना माझं डोकं छताला लागतं. काका बरोबर बोलले. गावातला कुठलाही मेकॅनिक ही गाडी खोलतो, स्पेअर सासवडला मिळतो, माझ्या लेखी हीच रिलायबिलिटी. पाटा तुटला होता एकदा, भर पावसात, दुपारी 2 ला तुटला आणि 5 ला बसवून गाडी परत शेतात.

पिवळ्या पाटीचं एक ध्यानात ठेवा, पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी फिटनेस आणि नंतर दर वर्षी. आणि हौद्यात माणसं बसवू नका, कायद्याने चालत नाही आणि एकदा ब्रेक मारला की कळतं का चालत नाही.

अरण्येश्वर

25 सप्टेंबर 2019 ची रात्र. सहकारनगर-कात्रज बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. आंबिल ओढा सोसायटीत शिरला तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरून खाली बघत होतो, टू-व्हीलर तर खेळण्यासारख्या एकमेकींवर चढत होत्या, एक छोटी कार तरंगत जाऊन गेटला आडवी लागली. माझा पिकअप भिंतीला होता, तो वजनाने जागचा हलला नाही पण पाणी हेडलाइटपर्यंत. सकाळी पाणी ओसरल्यावर सगळे पहिलं काय करत होते तर किल्ली फिरवत होते. चालू होते का बघू. माझाही हात गेला होता. खालच्या मजल्यावरचे एक गॅरेजवाले मामा माझ्यावर ओरडलेच, "किल्ली काढ आधी!" पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनच गेलं.

बॅटरी सोडवली, टोचन लावून गाडी गॅरेजला ओढत नेली. एअर फिल्टरच्या डब्यात चिखल होता पण फिल्टरच्या पलीकडे कोरडं होतं, नशीब. तरी सगळी ऑइलं बदलली. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) ऑइल खाली भांड्यात पडलं ते दुधाच्या चहासारखं, तोच रंग, वर फेस. मामा म्हणाले हे बघितलं नसतं तर सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडले असते आणि तू कंपनीला शिव्या दिल्या असत्यास. सीट आणि कार्पेट 11 दिवस गच्चीवर वाळवले. वास मात्र पुढच्या मे महिन्यापर्यंत होता. गाडी आजही तीच आहे, त्यानंतर 60 हजार किलोमीटर झाली.

धागाकर्त्याने वेल्ह्याकडचे ओढे ओलांडायचे असतील तर हे लक्षात ठेव, पाण्यातून गेलास की नंतर डिफरन्शियलचं ऑइल एकदा बघच. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात शिरलं की आत हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ब्रीदरची (डिफरन्शियलला हवा येण्याजाण्याची) नळी वर बांधून घे, फार खर्च नाही.

नवा मालक

टोयोटाची हायलक्स, ऑटोमॅटिक. 2022 ला आली भारतात, फॉर्च्युनरचंच 2.8 लिटर इंजिन, 500 न्यूटन मीटर टॉर्क. 700 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कागदावर आहे, पण पानशेतच्या पुढच्या ओढ्याला ते माहीत नसतं म्हणून मी आधी काठी घेऊन स्वतः उतरतो. दीड वर्षात बिघडलं काहीच नाही, इतक्यात सांगण्यात अर्थ पण नाही. लांबी 5.3 मीटर आहे एवढं विसरू नका. लक्ष्मी रोडचं नावच काढायचं नाही. मॉलच्या पार्किंगात नाक आत तर फाळका बाहेर.

अजून एक चुकलेला

4H चा (4 बाय 4 चालू करायचा गिअर) किस्सा. गाडी घेतली त्या दिवशी पोरांना दाखवायला कोरड्या डांबरी रस्त्यावर 4 बाय 4 टाकलं आणि सोसायटीसमोर यू टर्न मारला, गाडी जखडल्यासारखी, स्टिअरिंग जड आणि खालून टकटक. वाटलं पहिल्याच दिवशी गिअरबॉक्स गेला. तर असं आहे की या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सांभाळायला मधलं डिफरन्शियल नसतं, वळताना चारही चाकं वेगवेगळी फिरायला बघतात आणि डांबरावर टायर घसरू शकत नाही म्हणून सगळा ताण शाफ्टवर. चिखलात, वाळूत, ओल्या गवतातच टाकायचं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. मॅन्युअल अजून प्लास्टिकमध्ये होतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल दोन गोष्टी केल्या. काकांचं ऐकून टेस्ट ड्राइव्हला तीन चुलतभाऊ आणि शेणखताची चार पोती घेऊन गेलो. शोरूमचा पोरगा पोत्यांकडे बघत राहिला, शेवटी म्हणाला पोती नको सर, भाऊ चालतील. चौघं मिळून 310 किलो झालो (वजनकाट्यावर उभे राहिलो होतो, हसू नका), दोघांना हौद्यात बसवा म्हटलं तर नाही म्हणाला, बरोबरच आहे. पण मागच्या सीटवर तिघं बसल्यावर सुद्धा फरक कळला. धायरी फाट्याचे खड्डे माफ वाटले.

दुसरं म्हणजे टेप घेऊन सोसायटीतली माझी पार्किंगची जागा मोजली. खांबापासून भिंतीपर्यंत 4.9 मीटर. दोनदा मोजली. बायकोने धरलं टेपचं दुसरं टोक, तिने तिसऱ्यांदा पण मोजली आणि तिला जो आनंद झाला तो लपला नाही.

मग आता असं ठरतंय की सेकंडहँड बघायची, बीएस-4 मधली (2020 च्या आधीची) चांगली मिळाली तर, आणि ती वेल्ह्यातच माझ्या मामाच्या खळ्यात ठेवायची. हॅचबॅकने तिथपर्यंत जायचं, पुढे पिकअप. शहरात रिकामी हिंडवायची नाही, पार्किंगचा प्रश्न नाही, आणि मामाचं भात पण ती वाहील म्हणजे वजन पण मिळेल. बायको म्हणते, "मग गाडी आपली का मामांची?" याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

सासवडकर

खळ्यात लावणार असाल तर दोन कामं करा. आठ दिवसांच्या वर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, आणि बॉनेट उघडं टाकून जा. अंधारी उबदार जागा दिसली की उंदीर वायरिंग खातात, भाताच्या खळ्यात तर हमखास. आमचं एकदा पूर्ण हार्नेस गेलं होतं. मांजर असेल मामांकडे तर उत्तम.