पदवी समकक्ष प्रमाणपत्रावर एम. ए. किंवा बी. एड. करता येते का?

निवृत्त नाईक: सैन्यदलात १७ वर्षे सेवा करून मी नुकताच निवृत्त झालो. भरतीपूर्वी बारावी झाली होती आणि निवृत्तीच्या वेळी पदवी समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळाले. मला शाळेत इतिहास शिकवायचा आहे. या प्रमाणपत्रावर थेट प्रवेश मिळेल, की बी. ए.च्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल?

माजी हवालदार: जय हिंद. ते प्रमाणपत्र नोकरीपुरते आहे. दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवीची अट असलेल्या केंद्र सरकारच्या गट 'क'मधील पदांसाठी अर्ज करता यावा, हा त्यामागचा हेतू. त्यातही तांत्रिक अनुभव आवश्यक असलेली पदे वगळलेली आहेत. बी. एड.साठी पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत साधारणपणे ५० टक्के गुण लागतात. ते या कागदावरून कुठून दाखवणार? मी स्वतः हेच प्रमाणपत्र घेऊन एका विद्यापीठात गेलो होतो. अर्ज परत आला आणि माझे एक वर्ष गेले. तुमचे जाऊ नये, असे मनापासून वाटते.

मुक्त विद्यापीठाचा पदवीधर, माजी सैनिक: नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) यांची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. इग्नूत तीन वर्षांचे बी. ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, म्हणून मी नोकरी करत शिकू शकलो. तरीही निवृत्तिवेतनात घर भागत असेल, तर तुम्ही नियमित महाविद्यालयातच जावे, असे माझे मत आहे. मला वय कधी आड आले नाही, आड आले ते लेखन. इतकी वर्षे फक्त अर्ज आणि अहवाल लिहिलेल्या हाताला एकाच प्रश्नावर चार पाने मुद्देसूद लिहिणे पहिल्या वर्षी जमतच नव्हते, आणि घरी एकट्याने अभ्यास करताना ते कुठे चुकते आहे हे दाखवणारे कोणी नव्हते. ज्याला पुढे मुलांना शिकवायचे आहे, त्याला रोज समोर उभा राहणारा शिक्षक मिळायला हवा.

माजी सुभेदार: प्रवेशाआधी एक गोष्ट तपासा. डिस्चार्ज बुकातील (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतील) नाव आणि जन्मतारीख बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का? फरक असेल तर सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला आजच लिहा, कारण प्रवेशाच्या आठवड्यात ती दुरुस्ती होत नाही.

निवृत्त नाईक: आपणा सर्वांचा आभारी आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि डिस्चार्ज बुकात शेवटी. रेकॉर्ड ऑफिसला आजच पत्र पाठवतो आणि बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा अर्ज नियमित महाविद्यालयातच भरतो.