घोरणं, भूल आणि हनुवटीखालचा प्रोब
स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा आजार, भुलेआधी हेरायला स्टॉप-बँग नावाची प्रश्नावली आहे. ‘तिचे आठ प्रश्न विचारले की पुरे, सोनोग्राफी कशाला?’ हे अर्धंच पटतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, या दोन प्रश्नांची उत्तरं पेशंटला स्वतःला कुठे माहीत असतात? ‘मी नाही घोरत’ म्हणणाऱ्या काकांच्या मागून काकू हातवारे करतात, हे आमच्या भुलेच्या ओपीडीत रोजचं. एकटा आलेला माणूस मात्र निसटतो. तिथे पोटाच्या सोनोग्राफीचाच वक्र प्रोब हनुवटीखाली टेकवून जिभेची जाडी मोजते; जाड जीभ झोपेत घसा अडवू शकते. (दाबायचा नाही, माप बदलतं.)

खरी अडचण वेगळीच: तपासताना पेशंट जागा असतो, घसा मिटतो तो झोपेत, स्नायू सैल पडल्यावर. म्हणून जीभ जाड दिसली तर तो नुसता इशारा समजून ऑपरेशननंतर मॉर्फिन (श्वास मंदावू शकणारं वेदनाशामक) हात राखून देते, रात्रभर ऑक्सिमीटर लावते. आजाराचं निदान मात्र स्लीप स्टडीवरच, म्हणजे झोपेतला श्वास नोंदवणाऱ्या तपासणीवरच, सोडते.