मदत हवी आहे: हेलियमचं रीडिंग दुपारी वाढतं. व्हायल गळते की रबर झिरपतं?

म्हादईकाठची:

नमस्कार मंडळी. वेर्ण्याला एका इंजेक्शनच्या प्लांटमध्ये पॅकेजिंगला आहे. दोन महिन्यांपूर्वी हेलियम लीक टेस्टर (व्हायलीत, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या बाटलीत, हेलियम भरून तो किती गळतो ते मोजणारं मशीन) आला आणि माझ्या गळ्यात पडला. तोवर निळ्या पाण्याची टेस्ट होती. व्हायली मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायच्या, व्हॅक्यूम द्यायचा आणि उजेडात धरून 'निळसर दिसतंय का गं?' म्हणत एकमेकींचे डोळे तपासायचे. त्यापेक्षा आकडा बरा, असं वाटलं होतं. आता आकडाच छळतोय.

२० मिमीचं ब्रोमोब्युटिल रबराचं बूच, वर अ‍ॅल्युमिनियमचं सील. बुचात दोन सुया टोचते, एकीतून हेलियम आत, दुसरीतून हवा बाहेर. मग भोकांवर इपॉक्सी (कडक होणारा गोंद) लावून चेंबरमध्ये ठेवते. सकाळी बारा व्हायलींचं रीडिंग ३ मायनस ९ आलं. (मिलिबार लिटर प्रतिसेकंद. मायनस ९ म्हणजे १० चा उणे ९ वा घात, आम्ही असंच बोलतो.) जेवून आले, त्याच व्हायली २ मायनस ७! चहानंतरही तेवढंच. प्रोटोकॉलमधली मर्यादा १ मायनस ७, म्हणजे बाराच्या बारा फेल.

क्यूएवाले (गुणवत्ता बघणारे) म्हणतात सील सैल बसतंय, लाइन थांबवा. लाइनवाले म्हणतात मशीनच खोटं बोलतंय. त्यात सोमवारच्या पावसात लाइट गेली, एसी बंद, बॅकग्राउंडही (व्हायल नसतानाचं रीडिंग) वर चढलं. शनिवारी मीटिंग आहे आणि उत्तर मला द्यायचंय. कुठून सुरुवात करू?

कुंडईकर:

आधी सांगा, सिलिंडर कुठे आहे? टेस्टरच्याच खोलीत व्हायली भरत असाल तर बॅकग्राउंड चढणारच. साध्या हवेत हेलियम दहा लाखांत जेमतेम पाच भाग, आणि तुम्ही बंद खोलीत तो सोडताय. पंपाचा एक्झॉस्टही पाइप लावून बाहेर काढा, नाहीतर चेंबरमधला हेलियम फिरून खोलीतच येतो. आम्ही दोन आठवडे यातच घालवले होते.

लाइटीचं म्हणाल तर कॅलिब्रेशनचा काचेचा लीक (मशीन तपासायला वापरतात ती ठरावीक गळती) तापमानाला हळवा असतो, एका अंशाला साधारण तीन टक्के. एसी गेल्यावर पाच-सहा अंश चढले तरी आकडा दुप्पटही होत नाही. तुमचा तर साठपट वाढलाय. ते वेगळं दुखणं.

जुना पॅकेजिंगवाला:

ताई, लाइन थांबवू नका, पण हातही झटकू नका. तुम्हीच लिहिलंय, सकाळी कमी, दुपारी जास्त आणि मग स्थिर. खरं भोक जेवणाची सुट्टी होईपर्यंत वाट बघत नाही, हेलियम भरल्या क्षणी गळायला लागतं. रबरातून मात्र हेलियम आधी विरघळतो, मग सरकत सरकत बाहेर येतो. त्याला तास-दीड तास लागतो आणि पुढे एका पातळीवर तो टिकतो. या मापाच्या ब्युटिल बुचाला मायनस ७ च्या घरातली पातळी मला तरी नवी नाही.

पडताळा असा घ्या. काही व्हायलींना सीलच्या खालच्या कडेला काचेलगत गोल इपॉक्सी फिरवा, मधलं रबर उघडंच ठेवा. दुपारी त्यांचंही रीडिंग तितकंच आलं तर गॅस रबरातून येतोय. काहींचं मधलं रबरही झाका, मग आकडा पडायला हवा. लेझरने भोक पाडलेली एखादी व्हायलही शेजारी लावा, म्हणजे मशीन खोटं बोलत नाही हे लाइनवाल्यांना दिसेल.

दुसरं, आतल्या हेलियमचं प्रमाण मोजता का? आत अर्धाच हेलियम असेल तर खरा लीक रीडिंगच्या दुप्पट असतो. भागाकार न करता लिहिलेला आकडा कामाचा नाही.

आणि तुमची मर्यादा! अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) १२०७ व्या अध्यायाच्या चर्चेत येतो तो आकडा ६ मायनस ६. म्हणजे साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचं भोक, त्याखाली जंतू शिरण्याची शक्यता नगण्य धरतात. तुम्ही त्याच्या साठपट कडक बसलाय. कुणी आणि का ठरवलं ते शोधा. मर्यादा ढिली करायला सांगत नाही, पण भरल्यावर किती मिनिटांत मोजायचं हे प्रोटोकॉलमध्ये नसेल तर तिला अर्थ नाही.

शिरोडकरीण:

वाढदिवसाचा हेलियमचा फुगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर येतो, त्याला काय भोक पडलेलं असतं? क्यूएला एवढंच सांग गं. 😄

म्हादईकाठची:

सगळ्यांचे आभार. सिलिंडर बाहेरच्या पॅसेजमध्ये हलवला, बॅकग्राउंड उतरलं. कडेला इपॉक्सी लावलेल्या चारही व्हायली दुपारी पुन्हा २ मायनस ७! मधलं रबर झाकलेल्या चारही खाली. म्हणजे ते रबरच. मर्यादेचा उगमही सापडला: दुसऱ्या कुठल्यातरी उत्पादनाच्या प्रोटोकॉलमधून कॉपी झालीय.

आज लाइनवरून नवीन बारा आणल्या आणि भरल्यापासून दहा मिनिटांत मोजल्या. दहा ठीक. दोन मात्र पहिल्याच मिनिटाला ४ मायनस ५. त्या दोन्हींचं अ‍ॅल्युमिनियमचं सील अंगठ्याने गोल फिरतंय. बाकीची हलत नाहीत. क्रिम्पिंगच्या (सील दाबून बसवणाऱ्या मशीनच्या) कोणत्या हेडवरून त्या आल्या ते आता लाइनवर जाऊन बघते. क्यूएवाल्यांचं थोडं खरंच होतं म्हणायचं.