इटलीतील टॅरो उद्यान: रोमच्या पाच दिवसांतला एक दिवस द्यावा का?

रंगरेषा (पुणे)

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आईला घेऊन रोमला जाणार असून आमच्या हाती पाच दिवस आहेत. आई 71 वर्षांची आहे. तिने साताऱ्याजवळच्या एका शाळेत 30 वर्षे चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांच्या कित्येक तुकड्या घरच्या ओटीवर बसवून तयार केल्या. ज्या मुलांना रंगपेटी परवडत नसे त्यांना ती फुटलेल्या बांगड्यांच्या काचा गोळा करून आणायला सांगत असे आणि पुठ्ठ्यावर डिंकाने त्या चिकटवून मोर, कोयरी, सूर्य असे आकार करवून घेत असे. गेल्या महिन्यात तिने कापाल्बिओ गावाजवळच्या टॅरो उद्यानाची छायाचित्रे पाहिली, आणि तेव्हापासून ती व्हॅटिकनपेक्षा त्या बागेबद्दलच अधिक बोलते.

माझ्या शंका अशा आहेत. आम्ही गाडी चालवणार नाही, तर रोमहून तिथे जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य आहे का? आईचे गुडघे दुखतात, ती सपाटीवर व्यवस्थित चालते पण जिने टाळते, तर तिला बागेचा किती भाग पाहता येईल? आणि आमच्या घरातील काही मंडळी म्हणतात की ही भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांची जागा आहे, तिथे कशाला जायचे. टॅरोची काहीही माहिती नसलेल्या माणसाला तिथे काय मिळेल, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू (मिलान)

रंगरेषाताई, मी त्या बागेत दोनदा गेलो आहे आणि तुमच्या आईंची ओळख वाचल्यावर माझे उत्तर निःसंकोचपणे 'जरूर जा' असे आहे. आधी प्रवासाचे सांगतो. बाग 1 एप्रिल ते 15 ऑक्टोबर या काळात रोज दुपारी अडीच ते संध्याकाळी साडेसात अशी उघडी असते, त्यामुळे सप्टेंबरअखेर तुम्हाला ती मिळेल. तरीही निघण्यापूर्वी बागेच्या संकेतस्थळावर वेळा आणि तिकिटे पाहून घ्या. रोमहून पिसाकडे समुद्रकिनाऱ्याने जाणाऱ्या लोहमार्गावर कापाल्बिओ हे छोटे स्टेशन आहे. तिथून बाग चालत जाण्याइतकी जवळ नाही आणि स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेलच असे नाही, म्हणून जाण्याची आणि मुख्यतः परतण्याची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने पहिल्या वेळी आमची बरीच धावपळ झाली होती.

भविष्य सांगणारे तिथे कोणीही बसलेले नाही. निकी द सँ फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीने टॅरोच्या जोडातील 22 मुख्य पत्त्यांवरून ही शिल्पे घडवली. 1955 मध्ये तिने बार्सेलोनामध्ये स्पॅनिश वास्तुकार गौदी यांचे पार्क ग्वेल हे उद्यान पाहिले आणि अशी एक बाग आपल्या हातून व्हावी हे तेव्हाच तिच्या मनाने घेतले. पुढे 1970च्या दशकात पॉलिएस्टरच्या वाफांनी फुप्फुसे बिघडल्यामुळे ती स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी गेली असताना एका जुन्या मैत्रिणीची पुन्हा गाठ पडली आणि त्या मैत्रिणीच्या भावांनी टस्कनीतील आपल्या मालकीच्या टेकडीचा एक भाग तिला वापरायला दिला. काम 1979 च्या सुमारास सुरू झाले आणि बाग लोकांसाठी उघडली ती मे 1998 मध्ये. मधल्या काळात संधिवाताने तिचे हात इतके आखडले होते की साधी साधनेही धरवत नसत, तरीही तिने काम सोडले नाही. पैशासाठी तिने 1982 मध्ये स्वतःच्या नावाचे अत्तर बाजारात आणले आणि बागेच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून उभा केला.

मला सर्वांत अधिक भावलेले शिल्प म्हणजे 'सम्राज्ञी'. ही स्फिंक्सच्या (माणसाचे डोके आणि सिंहाचे अंग असलेल्या प्राण्याच्या) आकाराची प्रचंड स्त्री असून तिच्या पोटात घर आहे, आणि 1980च्या दशकात निकी काही वर्षे त्या घरात खरोखर राहिली. एका स्तनाच्या पोकळीत तिची झोपण्याची जागा होती आणि दुसऱ्यात स्वयंपाकघर. आतल्या भिंती आणि छत आरशांच्या तुकड्यांनी मढवलेले आहेत, त्यामुळे आत पाऊल टाकताच आपलीच शेकडो तुकड्यांत विखुरलेली प्रतिमा चहूबाजूंनी दिसू लागते. आपल्याकडच्या राजवाड्यांतले आरसेमहाल पाहण्यासाठी असतात, हा मात्र राहण्यासाठी केलेला होता. कामगारांच्या बैठका आणि त्यांची कॉफीही याच खोलीत होत असे.

गुडघ्यांबद्दल सांगायचे तर जागा टेकडीची असल्याने चढउतार आहे, आणि 'सम्राटा'च्या किल्ल्यासारख्या काही शिल्पांमध्ये जिने आहेत. पण 22 खांबांचे त्याचे अंगण, खाली कुंडात पाणी सोडणारे 'महापुजारीण'चे उघडे तोंड आणि त्या कुंडाच्या मधोमध ज्याँ तँग्ली या स्विस शिल्पकाराने लोखंडात केलेले 'दैवाचे चक्र' हे सारे वर न चढताही मनसोक्त पाहता येते. तीन तास पुरेसे आहेत, घाई मात्र करू नका. बागेत मार्गदर्शक नसतात. तशी निकीचीच इच्छा होती, आणि सिमेंटच्या वाटांवर तिने स्वतःच्या हाताने कोरलेल्या ओळी, आकडे आणि चित्रे वाचत जाणे हाच तिथला मार्ग आहे. टॅरोची माहिती नसली तरी काहीही बिघडत नाही.

ओळंबा (कोल्हापूर)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि तीन वर्षांपूर्वी ही बाग केवळ तिचे बांधकाम पाहण्यासाठी गाठली होती. तुमच्या आईंनी मुलांकडून काचांची नक्षी करवून घेतली आहे, म्हणून मी जे लिहितो आहे ते त्यांना इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल.

आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याच्या (विटांच्या तुकड्यांच्या थराच्या) वर चायना मोझेक करतात ते सर्वांनी पाहिलेले असते. चकचकीत फरश्या फोडून त्यांचे लहान तुकडे बसवण्यामागे स्वस्ताई हे एक कारण असले तरी दुसरे कारण भूमितीचे आहे. मोठी सपाट फरशी वाकत नाही, आणि गच्चीच्या कडेला फरशी व कठडा यांच्या सांध्यात जी गोलाई काढावी लागते तिच्यावर ती बसत नाही, तर लहान तुकडे मात्र कोणत्याही वळणावर बसतात. गौदी यांच्या बार्सेलोनातील बागेत हेच तंत्र शिल्पाच्या पातळीवर गेलेले दिसते. निकीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिच्या बहुतेक आकृत्या गोलाईच्या आहेत. आधी लोखंडी सळया वाकवून आणि जोडून सांगाडा उभारला, त्यावर जाळी ताणली, जाळीवर सिमेंट फवारले आणि मग त्या सिमेंटवर काच, आरसे आणि भाजलेल्या मातीच्या फरश्या चढवल्या. यांतील मोठी शिल्पे 12 ते 15 मीटर उंच आहेत, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. सुरुवातीच्या मोठ्या सांगाड्यांचे जोडकाम तँग्ली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केले.

तिथे गेल्यावर दूरून छायाचित्र घेण्यापेक्षा आधी जवळ जाऊन सांधे पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बऱ्याच ठिकाणी फरशी बाजारातून आणून बसवलेली नाही. ओली माती थेट शिल्पाच्या अंगावर थापून घेतली, तिचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला, ते उतरवून जागेवरच भट्टीत भाजले, त्यांवर झिलई चढवली आणि पुन्हा आपापल्या जागी आणून बसवले. माती भाजताना सुमारे 10 टक्के आकसते. त्यामुळे परत आलेला तुकडा आपल्या जागेपेक्षा लहान भरतो आणि भोवती फट राहते. ती फट सिमेंटने न लिंपता हाताने कापलेल्या काचेच्या पट्ट्यांनी भरलेली आहे, आणि उन्हात त्या फरश्यांच्या कडा चमकताना दिसतात त्या याच काचेमुळे. आकसलेल्या मातीची उणीव अशी चमकत्या रेषेत बदललेली मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही.

हे काम करणारी माणसे कोण होती हेही त्यांना सांगा. भाजकाम सांभाळणाऱ्या वेनेरा फिनोक्यारो या रोममधील मृत्तिकाशिल्पाच्या शिक्षिका होत्या. उगो चेल्लेत्ती हे कापाल्बिओचे पोस्टमन, वय पन्नाशीचे, आधी बागेतल्या वाटा करण्यासाठी येऊ लागले आणि मग आरसे बसवण्याच्या कामात इतके रमले की ते त्यातले जाणकार झाले. गावातल्या इतर तरुणांनीही हे काम तिथेच शिकून घेतले. शिल्पकर्तीचे नाव मोठे आहेच, पण एकेक तुकडा बसवणाऱ्या या हातांमुळेच ती बाग आज उभी आहे, असे मला मनापासून वाटते.

किनारा (सॅन डिएगो)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण माहिती नसली तरी काहीही बिघडत नाही या मताशी मी सहमत नाही. निदान पाचसहा पत्त्यांचे अर्थ आधी वाचून जावे. 'मनोरा' हा पत्ता गर्व कोसळण्याचा आहे हे ठाऊक असेल तरच आरशांनी मढवलेल्या त्या बुरुजाचे वरचे टोक का मोडले आहे आणि तिथून तँग्ली यांचे लोखंडी यंत्र का बाहेर पडते आहे ते कळते. 'न्याय' ही काळी-पांढरी स्त्री आहे आणि तिच्या पोटात कुलूप लावलेल्या दारामागे 'अन्याय' नावाचे यंत्र डांबलेले आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस त्या दारापुढून सरळ निघून जातो. हे भविष्य पाहण्यासाठी नव्हे, तर रामायण ठाऊक असलेल्या माणसाला देवळावरचे शिल्प जसे वेगळे दिसते, तेवढ्यासाठीच सांगते आहे.

निकी 1994 मध्ये आमच्या भागात राहायला आली आणि 2002 मध्ये इथेच वारली. तिची शेवटची मोठी बाग जवळच्या एस्कोंडिडो गावी आहे. दंतकथेतील राणी कॅलिफिया आणि तिच्याभोवतीचे उंच स्तंभ यांना 400 फूट लांबीच्या नागमोडी भिंतीने वेढलेले असून भिंतीवर सापांच्या आकृत्या वळवळताना दाखवल्या आहेत. ती 2003 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, उघडली. मी ती अनेकदा पाहिली आहे, आणि तरीही टस्कनीच्या बागेत उभी राहिले तेव्हा दोन्हींतला फरक लगेच जाणवला. इथली बाग पाहण्यासाठी केलेली आहे, तिथली बाग एका बाईने आत राहून, भांडी घासून, आजारी पडून, हळूहळू वाढवलेली आहे.

एक व्यावहारिक सूचना. 71 व्या वर्षी सकाळी रोमहून निघून रात्री परतणे दमवणारे होईल. शक्य असल्यास त्या रात्री कापाल्बिओतच मुक्काम करा. आरशांवरचे सर्वांत सुंदर ऊन दिवस कलतानाचे असते, आणि परतीच्या गाडीची काळजी असेल तर ते हातचे निसटते.

रंगरेषा (पुणे)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. ही उत्तरे मी काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवली. माती 10 टक्के आकसते हे वाक्य येताच तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. तिच्या शाळेत गणपतीसाठी मुलांनी केलेल्या मूर्ती वाळताना तडकत, तेव्हा ती तडा ओल्या मातीने भरून घेत असे आणि तो पुन्हा उमटत असे, असे तिने सांगितले. भेग काचेने भरता येते हे आपल्याला कधी सुचले नाही, याबद्दल ती बराच वेळ बोलत होती.

आम्ही एक रात्र कापाल्बिओत राहायचे ठरवले आहे आणि त्यासाठी रोममधील एक दिवस कमी केला आहे. पत्त्यांचे अर्थ मी मराठीत लिहून घेते आहे. ओळंबा, आईचा आपल्यासाठी एक प्रश्न आहे: शिल्पांना हात लावू देतात का?

ओळंबा (कोल्हापूर)

हो, लावू देतात, आणि आत शिरून बसूही देतात. काचेच्या कडा हाताला लागू नयेत इतक्या नेमकेपणाने बसवलेल्या आहेत. त्यांना सांगा, आधी तळव्याने पाहा आणि मग डोळ्यांनी. दुपारी अडीच वाजता ऊन कडक असते आणि गडद रंगाच्या फरश्या तापतात, म्हणून हात लावायचे काम पाचनंतर करा.