मदत हवी आहे: पाचवीला सममूल्य अपूर्णांक शिकवायला गटात करायचा प्रकल्प सुचवा

नमस्कार मंडळी, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जि.प. शाळेत पाचवीला गणित शिकवते, वर्गाचा पट २७. सध्या सममूल्य अपूर्णांक चालू आहेत आणि मला मुलांना गटात, स्वतःच्या हाताने करून बघता येईल असा एखादा प्रकल्प हवाय. तीन-चार तासिकांत बसला पाहिजे आणि खर्च फार नको.

अडचण अशी की वहीत सगळं बरोबर येतंय. १/२ = ?/८ दिलं की धडाधड ४ लिहितात, "ज्याने छेदाला गुणलं त्यानेच अंशाला" हे तोंडपाठ आहे. पण परवा सहज विचारलं, एकीला भाकरीचा १/२ भाग दिला आणि दुसरीला तेवढ्याच भाकरीचा २/४ दिला, तर जास्त कुणाला मिळाली? निम्म्याहून जास्त वर्गाने २/४ ला हात वर केले. "बाई, आकडं मोठं हाईत की!" आणि हे म्हणणारा मुलगा पाचच मिनिटांपूर्वी फळ्यावर तेच उदाहरण बरोबर सोडवून गेलेला. काही जणांना २/३ आणि ३/४ सारखेच वाटतात कारण दोन्हीकडे "एकच उरतोय". १/२ च्या वर-खाली एकेक मिळवून २/३ करणारेही आहेतच.

गणित पेटीतले गोल तुकडे अर्धेअधिक हरवलेत. आणि गटकार्य म्हटलं की एक हुशार मुलगी सगळं करून टाकते, बाकीचे कात्रीवरून भांडतात, त्यामुळे प्रत्येकाच्या हाताला काम मिळेल असंच काहीतरी सुचवा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, पहिलं म्हणजे गोल सोडा. वर्तुळाचे सारखे पाच भाग करायला मोठ्या माणसाला जमत नाही, पोरं कुठून करणार, आणि भाग सारखे नसले की पुढचं सगळंच मुसळ केरात. पट्ट्या करा, आणि पट्टीची लांबी ६० सेंमी ठेवा, ती का ते बघा: दोन भाग केले तर ३०, तीन केले तर २०, चार १५, पाच १२, सहा १०, आठ साडेसात, दहा ६, बारा ५. एक साडेसात सोडलं तर कुठेही मिलिमीटरच्या भानगडीत पडावं लागत नाही. मोठी कार्डशीट साधारण ५६ बाय ७१ सेंमी असते, तिच्या ५ सेंमी रुंदीच्या ११ पट्ट्या निघतात. गटाला लागतात ९ (एक पूर्ण आणि वरच्या आठ), दोन जादा, कारण कुणाची तरी बिघडतेच. म्हणजे एका गटाला एक शीट, २७ मुलांचे पाच गट केले तर तुम्हाला पाच शीट पुरतील.

पट्ट्या आदल्या दिवशी तुम्हीच कापून न्या, मुलांनी फक्त रेघा मारायच्या, म्हणजे कात्रीचं भांडणच नको. प्रत्येकाकडे स्वतःच्या एक-दोन पट्ट्या, मागे नाव लिहून. मग फरशीवर एकाखाली एक मांडायच्या, डावी कड भिंतीला टेकवून, आणि वरपासून खालपर्यंत दोरा ताणून उभा धरायचा. १/२ वर दोरा धरला की तो २/४, ३/६, ४/८, ५/१०, ६/१२ या सगळ्या रेघांवरून जातो. पण तीनच्या आणि पाचच्या पट्टीवर तिथे रेघच नसते! इथे थांबा, उत्तर सांगू नका, ज्याची पट्टी आहे त्यालाच विचारा तुझ्या पट्टीत अर्धा का नाही. मी हे घेतो तेव्हा खरी बोलाचाली इथेच होते, गप्प बसणारी पोरंसुद्धा आपल्या पट्टीची बाजू घेऊन भांडतात. मग २/३ वर दोरा धरायला सांगा (४/६ आणि ८/१२ सापडतील), ३/४ वर धरायला सांगा (६/८ आणि ९/१२). २/३ आणि ३/४ सारखे म्हणणाऱ्यांना दोन्ही जागी दोरा धरू द्या, ४० सेंमी आणि ४५ सेंमी, विषय संपला.

प्रतिसाद २

नियम पाठ आहे ना मग पुढे चला की मॅडम. स्कॉलरशिपला दोरे धरायला वेळ नसतो, तिथे गुणता आलं की मार्क. समज हळूहळू येते, आमचंही तसंच झालं.

प्रतिसाद ३

वरच्या सरांनी राग मानू नये, पण सहावीला हीच मुलं माझ्याकडे येतात आणि १/२ + १/३ = २/५ लिहितात. दोन्ही छेद सारखे का करायचे हेच माहीत नसतं, कारण १/२ म्हणजेच ३/६ हे त्यांना खरं वाटतच नाही, बाईंनी सांगितलं म्हणून लिहायचं एवढंच. पुढे मग लसावि काढूनही काय करायचं कळत नाही.

ताई, पट्ट्या छानच आहेत पण त्यातून "दोघांनाही का गुणायचं" हे निघत नाही, त्याला कागदाची घडी घ्या. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी असते, ७ आणि १४ वर खूण करून उभ्या घड्या घातल्या की तीन सारखे भाग. दोन भाग रंगवायचे, झाले २/३. आता तोच कागद आडवा मधोमध दुमडून उघडायचा. मुलांना पहिला प्रश्न, रंग वाढला का? नाही. तुकडे किती झाले? सहा, रंगीत चार. पुन्हा आडवी घडी घालून चार पट्टे केले की ८/१२. ती आडवी घडी रंगीत भागालाही कापते आणि कोऱ्या भागालाही, एकालाच कापून थांबत नाही, म्हणून वरही दोनाने गुणायचं आणि खालीही. हे वाक्य तुम्ही बोलू नका, माझ्याकडे कुणीतरी एक पोरगं दरवेळी बोलतंच, थोडी वाट बघावी लागते. तुकडे जितके जास्त तितके बारीक, हेही त्यांना हातातच दिसतं, आणि "आकडं मोठं"वाल्यांना तेच दिसायला हवंय.

प्रतिसाद ४

घडी झाली की शेवटी खेळ घ्या, आमच्याकडे तुफान चालतो. २४ सेंमीची पट्टी, तिच्यावर मावणारे १२, ६ आणि ३ सेंमीचे तुकडे, म्हणजे १/२, १/४, १/८. लुडोच्या फाशावर कागद चिकटवून एका बाजूला १/२, दोन बाजूंना १/४, तीन बाजूंना १/८ लिहायचं. प्रत्येकाची पट्टी दोन अर्ध्यांनी झाकलेली, फाशात येईल तेवढं उचलायचं, पट्टी आधी मोकळी करेल तो जिंकला. गंमत अशी की पहिल्याच डावाला १/८ पडलं तर उचलायला ते नसतंच, मग दुकानात नोटेचे सुट्टे मागतो तसे अर्ध्याचे सुट्टे मागायचे. कुणी २/४ घेतो, मग त्यातल्या एकाचे २/८, कुणी सरळ ४/८ घेतो, आणि सुट्टे देणारा गटातला "बँकवाला" बरोबर मोजून देतो की नाही यावर बाकीचे डोळ्यात तेल घालून बसतात. बँकवाला दर डावाला बदलायचा, तुमची हुशार मुलगी एकदाच होईल. शेवटी नेमकंच पडावं लागतं, जास्त पडलं तर डाव वाया.

एक अजून. पट्ट्या झाल्यावर एका गटाला गुपचूप ४८ सेंमीची पट्टी द्या आणि त्यांचा १/२ दुसऱ्या गटाच्या २/४ शी जुळवायला लावा. जुळणार नाही (२४ आणि ३०) आणि वर्गात गोंधळ उडेल. तुम्ही भाकरीच्या प्रश्नात "तेवढ्याच भाकरीचा" म्हणालात तो शब्द किती महत्त्वाचा आहे ते यातून निघतं. पण हे अगदी शेवटच्या दिवशी, आधी केलंत तर सगळंच विस्कटेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! असं ठरवतेय: पहिल्या तासिकेला घडी, दुसऱ्या-तिसऱ्याला ६० सेंमीच्या पट्ट्या आणि दोरा, चौथ्याला खेळ, ४८ वाली गंमत वेळ उरला तर. प्रतिसाद २ मधल्या सरांना, स्कॉलरशिपचा सराव चालूच आहे हो, तो बंद करत नाहीये :) एकच शंका, दुकानात रंगीत कार्डशीट मिळतायत, प्रत्येक छेदाला वेगळा रंग ठेवला तर दिसायला छान होईल, घेऊ का?

प्रतिसाद १

नका घेऊ. रंग वेगळे ठेवले की पोरं अपूर्णांक बघतच नाहीत, "लाल दोन म्हणजे निळा एक" असं पाठ करतात आणि रंग काढून घेतला की परत पहिले पाढे पंचावन्न. सगळ्या पांढऱ्या घ्या, प्रत्येक भागावर १/६, १/६ असं त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आणि साडेसातची पट्टी जरा चांगलं माप घेणाऱ्याला द्या, नाहीतर ६/८ आणि ९/१२ ची रेघ जुळायची नाही आणि तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.